शिबिराऐवजी औषधांची पिशवी

सचिव, व्यवस्थापक समिती :
सर्व सभासदांना नमस्कार. समितीच्या सभेत ठरल्याप्रमाणे येत्या रविवारी सकाळी १० वाजता क्लबहाउसमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत आरोग्य शिबिर घेण्यात येणार असून त्यात रक्तदाब, रक्तातील साखर आणि हाडांची घनता तपासली जाईल. इच्छुकांनी आपला फ्लॅट क्रमांक सोसायटीच्या या ग्रुपवर कळवावा.

ए-२०४ :
सचिवसाहेब, हेतू चांगला आहे यात शंका नाही, तरी राग मानू नका, स्पष्टच लिहिते. आमच्या वयाच्या बहुतेकांना आपले आजार तोंडपाठ आहेत आणि साखर तर आम्ही घरीच मोजतो. शिबिरात पुन्हा बोटाला सुई टोचून घेऊन तोच आकडा नव्या कागदावर मिळाला, तर आधीच फुगलेल्या फाइलमध्ये आणखी एका कागदाची भर पडेल, एवढेच. मला मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि गुडघेदुखी आहे, शिवाय हृदयाची पंपिंगची क्षमता कमी झालेली आहे. प्रत्येकासाठी वेगळे डॉक्टर आहेत आणि त्यांच्यापैकी एकालाही मी नावे ठेवणार नाही. अडचण आहे ती या सर्वांच्या मधल्या जागेत. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, पाणी मोजून प्या; लघवीचा संसर्ग वारंवार होतो म्हणून ज्यांच्याकडे गेले ते म्हणतात, भरपूर पाणी प्या. एकांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले आहे, तर दुसऱ्यांनी गुडघ्यांना शक्य तितकी विश्रांती द्यायला. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर असेल, पण दोघांचे ऐकणारा जीव एकच आहे आणि कोणाचे किती ऐकायचे याचा निर्णय शेवटी घरी बसून, कोणालाही न विचारता, आम्हीच घेत असतो.

दिवसाचे म्हणाल तर थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब हवी, म्हणून ती दुपारी. साखरेची न्याहारीच्या आधी, रक्तदाबाची नंतर. लघवीची गोळी सकाळी घेतली की पुढचे दोन-तीन तास बाथरूमपासून लांब जाता येत नाही, म्हणून मंगळवारी भजनी मंडळ असले की ती गोळी मी घरी परतल्यावर घेते. हे कोणत्याही डॉक्टरांना ठाऊक नाही, कारण ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असे सगळेच विचारतात, पण ‘या गोळ्यांपायी तुमचे काय काय सुटले?’ असे अजून कोणी विचारलेले नाही.

बी-५०१ :
काकू, मी बेंगळुरूत असल्यामुळे आई-बाबांच्या सर्व औषधांची एक्सेलमध्ये यादी करून ठेवली आहे आणि औषधे दर महिन्याला अ‍ॅपवरून घरपोच येतात. अशी यादी प्रत्येकाने केली तर निम्मा गोंधळ मिटेल, असे मला वाटते.

ए-२०४ :
यादी उत्तमच आहे रे, पण ती तुझ्या फोनमध्ये आहे. अपरात्री तुझ्या बाबांना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर सोबत जाणाऱ्या शेजाऱ्याच्या हातात ती कशी येणार? शिवाय ठरलेल्या कंपनीची गोळी नसली की तेच औषध दुसऱ्या नावाने येते, गोळीचा रंग आणि आकारही बदलतो, तुझ्या आईला वाटते की नवीन गोळी सुरू झाली, आणि डब्यात जुनी तर शिल्लक असतेच. कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यावी तर दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या कापून मिळतात आणि नाव एका तुकड्यावर राहते, मुदतीची तारीख दुसऱ्यावर.

डी-१०२ :
माझे मत थोडे वेगळे आहे. वय झाले की हे चालायचेच. आमचे आजोबा एकही गोळी न घेता नव्वदीपर्यंत शेतावर जात असत. हल्ली तपासण्या वाढल्या म्हणून आजार वाढले आहेत.

सी-३०३ :
काका, तपासणी वेळेवर झाली नसती तर काय झाले असते, ते आमच्या घरात मागच्या संकष्टीला आम्ही पाहिले. सासूबाईंनी सकाळी साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, पण चंद्रोदय उशिरा होता आणि दिवसभर त्यांनी चार चमचे साबुदाण्याची खिचडी आणि चहा यांवरच काढला. संध्याकाळी त्या असंबद्ध बोलू लागल्या. पदर घामाने भिजला होता, पण छातीत धडधड किंवा हातांना थरथर मुळीच नव्हती, त्यामुळे साखर उतरली असेल अशी शंका आम्हाला आली नाही. मुलाने सहज ग्लुकोमीटर लावून पाहिला तेव्हा आकडा पन्नासच्या खाली होता. साखरपाणी दिल्यावर त्या सावरल्या. तरीही साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७ टक्क्यांच्या आतच आली पाहिजे असा त्यांचा हट्ट आहे, आणि उपास सोडायलाही त्या तयार नाहीत. डॉक्टरकाका, यावर आपण काही सांगाल का?

सी-१०१ (डॉक्टर) :
वहिनी, आपल्या सासूबाई रक्तदाबासाठी नाडीचा वेग कमी करणारी गोळी घेत असतील, तर साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर त्या गोळीमुळे झाकली जाते, घाम मात्र झाकला जात नाही. म्हणजे एका आजाराच्या औषधाने दुसऱ्या आजाराच्या औषधाची धोक्याची घंटाच बंद केली. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी उपासाच्या दिवशी मात्रा काय ठेवायची, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, आणि ‘मी संकष्टी करते’ हे त्यांना सांगण्यात संकोच कसला? राहिला ७ चा आग्रह : अनेक आजार असलेल्या वृद्धांमध्ये सरासरी ८ च्या आसपास ठेवणेही मान्य आहे, कारण त्या वयात साखर थोडी वर राहण्यापेक्षा एकाएकी खाली जाणे अधिक घातक ठरते.

काकूंचा मुद्दा वैद्यकालाही अपरिचित नाही. अमेरिकेत सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ७९ वर्षांची एक काल्पनिक स्त्री कल्पून तिला मधुमेह, रक्तदाब, हाडांची ठिसूळता, सांध्यांची झीज आणि फुफ्फुसांचा जुनाट विकार असे पाच आजार आहेत असे धरले आणि प्रत्येक आजाराची प्रमाण मानलेली उपचारपद्धती तिला तंतोतंत लावून पाहिली. तिच्या वाट्याला १२ औषधे आली आणि काही सूचना एकमेकींच्या विरोधात गेल्या. हे नियम एकेका आजारासाठी लिहिलेले असतात. पाचही आजार एकाच देहात नांदतात तेव्हा काय करायचे, हे त्यांत फारसे नसते. आपल्याकडे वृद्धवैद्यक ही शाखा आहे, पण तिचे डॉक्टर इतके थोडे आहेत की बहुतेक घरांना त्यांचा पत्ताही नसतो.

डी-१०२ यांना एवढेच सांगेन की पूर्वी गोळ्या कमी होत्या हे खरे, तसेच हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यातून वाचणारेही कमी होते. जे वाचले तेच आज चार-पाच आजारांसह आपल्यात आहेत.

शिबिर घ्यायचेच असेल तर माझी सूचना अशी : प्रत्येकाने घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणावीत. सर्व म्हणजे खरोखर सर्व : गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, काढे, चूर्णे, सर्दीची गोळी, आणि काचबिंदूचे थेंबसुद्धा. थेंबांना कोणी औषध मानत नाही, पण टिमोलॉलच्या थेंबांनी नाडी मंदावू शकते आणि दमा बळावू शकतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी यांच्या जोडीने घेतल्या, तर मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात कमी सोडियमचे मीठ असेल तर तेही आणा, कारण त्यात पोटॅशियम असते आणि या गोळीनेही रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. रक्तदाब मी बसून आणि मग उभे करून मोजेन. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० ने उतरला, तर रात्री बाथरूमला जाताना तोल का जातो याचे उत्तर तिथेच मिळेल. मी मात्र कोणतेही औषध बंद करणार नाही आणि आपणही करू नका. एकच औषध दोन नावांनी चालू आहे का, कोणते कशाशी भांडते आहे, याची चिठ्ठी लिहून देईन, ती आपापल्या डॉक्टरांना दाखवावी.

बी-४०२ :
डॉक्टरसाहेबांची सूचना योग्य आहे. खर्चाबद्दल एक गोष्ट जोडतो. मी बँकेतून निवृत्त झालो असल्याने आकड्यांकडे लक्ष जातेच. ७० वर्षे आणि त्यापुढील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार देण्याची सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली असून ज्यांनी वय वंदना कार्ड काढलेले नाही त्यांनी ते अवश्य काढावे. परंतु ती सोय रुग्णालयात दाखल झाल्यावरची आहे. आमचा पैसा जातो तो दर महिन्याच्या औषधांत, प्रत्येक डॉक्टरांच्या वेगळ्या फीमध्ये आणि त्यांनी स्वतंत्रपणे सांगितलेल्या त्याच त्या रक्ततपासण्यांत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहिले तर जनऔषधी केंद्रातून घेणे सोपे जाईल.

सी-१०१ (डॉक्टर) :
मूळ नावच लिहीन, आणि सुवाच्य अक्षरात.

सचिव :
समितीच्या वतीने सर्वांचे आभार. हाडांच्या घनतेची तपासणी रद्द करून रविवारचा कार्यक्रम डॉक्टरसाहेबांनी सुचवल्याप्रमाणे घेऊ. क्लबहाउसमध्ये मोठे टेबल लावतो, म्हणजे सर्वांना पिशव्या रिकाम्या करून पाहता येतील.

ए-६०१ :
सचिवसाहेब, क्षमा असावी, परंतु मी सर्वांसमोर पिशवी रिकामी करणार नाही. मनाच्या आजारासाठी कोण काय घेते, लघवीवर ताबा राहत नाही म्हणून कोण काय वापरते, हे साऱ्या इमारतीला कळण्याचे कारण नाही. अशा गोष्टी मी मुलांपासूनही लपवत आले आहे.

ए-२०४ :
ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्याही पिशवीत असे एक पाकीट आहे.

सचिव :
मान्य. मग सोसायटीच्या कार्यालयात दार लावून एकेकाला बोलवू, प्रत्येकाला पंधरा मिनिटे. वेळा मी उद्या इंटरकॉमवरून कळवीन, ग्रुपवर टाकणार नाही. बाहेर सतरंजी न घालता हाताच्या खुर्च्या ठेवतो. संकष्टी करणाऱ्यांनी रविवारी न्याहारी करूनच यावे, उपाशीपोटी यायचे काही कारण नाही.