टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) टाळण्यासाठी जि.प. शिक्षकांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का?

सोलापूर शहर
1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. अठ्ठावीस-तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाची पात्रता आता पुन्हा तपासायची, हे मला पटत नाही. ज्यांची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची आहे आणि 20 वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा भरते, त्यांनी निवृत्तिवेतन नियम 1982 च्या नियम 66 प्रमाणे तीन महिन्यांची नोटीस द्यावी आणि मानाने बाहेर पडावं. पूर्ण पेन्शनसाठीची 33 वर्षांची अट आता नाही. 20 वर्षांनाही मूळ वेतनाच्या 50 टक्के पेन्शन बसते. त्यानंतर लागलेल्या एनपीएसवाल्यांनी (नवी पेन्शन योजना) मात्र हा हिशेब स्वतःला लावू नये, त्यांचं गणितच वेगळं आहे.

मोहोळ
सर, तुमची भावना समजते, पण आकडे मांडून बघा. वय 53, सेवा 28 वर्षं, मूळ वेतन 70,000 धरा. आज निघालात तर पेन्शन 35,000. 58 व्या वर्षापर्यंत 3 टक्क्यांच्या पाच वेतनवाढी मिळाल्या की मूळ वेतन 81,000 च्या आसपास जातं आणि पेन्शन 40,500. हा साडेपाच हजारांचा फरक आयुष्यभर राहतो, महागाई भत्ताही त्याच्यावर वाढत जातो. शिवाय मधली पाच वर्षं पगाराऐवजी पेन्शन, म्हणजे दरमहा 35,000 कमी. 60 महिन्यांचे 21 लाख झाले, त्यात महागाई भत्ता आणि घरभाडं धरलेलंच नाही. ग्रॅच्युइटी दर पूर्ण सहामाहीला पाव पगार या हिशेबाने 28 वर्षांना 14 पट बसते, 33 वर्षांना 16.5 पट. रजा रोखीकरणाचा (शिल्लक रजेच्या पैशांचा) मोठा आकडा तर धरूच नका. आपल्याला दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतात, त्यामुळे अर्जित रजा साठतेच कुठे?

सोलापूर शहर
अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं, का सोडलं? 53 व्या वर्षी गुणक 8.678 लागतो, 58 ला 8.371. 40 टक्के विकली तर 14,000 × 12 × 8.678 म्हणजे 14,57,904 रुपये आज हातात येतात. पंधरा वर्षांनी, 68 व्या वर्षी पेन्शन पूर्ववत होते. 58 ला निघणाऱ्याला त्यासाठी 73 पर्यंत थांबावं लागतं. महागाई भत्ताही कपातीआधीच्या पूर्ण 35,000 वरच मिळतो.

मोहोळ
त्या चौदा लाखांसाठी 180 महिने 14,000 कापले जातात, बेरीज 25,20,000 होते. मुलीचं लग्न किंवा घराचं कर्ज असेल तर घ्या. पण याला स्वेच्छानिवृत्तीचा फायदा म्हणू नका.

बार्शी
दोघांच्याही हिशेबाआधी सेवापुस्तक उघडा. घोळ तिथेच असतो. करमाळ्याहून अक्कलकोटला, तिथून बार्शीला अशा बदल्या झालेल्यांच्या पुस्तकात एखाद्या वर्षाच्या सेवा पडताळणीखाली सही नसते. नोंद असते, शिक्का असतो, सहीची जागा मात्र कोरी. ती सही आधीच्या पंचायत समितीकडूनच आणावी लागते. वैद्यकीय दाखल्याशिवाय घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा पेन्शनला धरत नाहीत, त्यामुळे 20 वर्षं काठावर असतील तर दिवस मोजा. एमएस-सीआयटीची (संगणक परीक्षेची) नोंद, मराठी-हिंदी भाषा परीक्षेची सूट, राखीव जागेवर नेमणूक असेल तर जात वैधता, हे सगळं नोटिशीआधी पुस्तकात आलं पाहिजे. वरिष्ठ वेतनश्रेणीची 12 वर्षांची तारीख चुकलेली असेल तर वेतन पडताळणीत अतिप्रदान (जादा दिलेला पगार) निघतं. अशा वसुलीविरुद्ध वर्ग 3 च्या कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या रफिक मसीह निकालाचा आधार आहे, पण आक्षेप निघेपर्यंत फाईल अडून राहते.

पंढरपूर
मोहोळच्या सरांशी सहमत, आणि एक गोष्ट कोणी बोलतच नाही. त्याच निकालात असंही आहे की मुदतीत उत्तीर्ण न होणाऱ्याला सक्तीने निवृत्त केलं, तरी अर्हताकारी सेवा भरत असेल तर सेवांत लाभ द्यायचे आहेत. मग आजच राजीनाम्यासारखी घाई कशासाठी? नोटीस दिली आणि मुदत संपण्याआधी नकार आला नाही, तर निवृत्ती आपोआप लागू होते. परत घ्यायची तर त्या तारखेआधी अर्ज करावा लागतो आणि मंजुरी नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या हातात असते. घरच्यांनाही सांगून ठेवा की सेवेत असताना काही बरंवाईट झालं तर वारसाला अनुकंपा नोकरीसाठी अर्ज करता येतो, स्वेच्छानिवृत्तीनंतर ती सोय राहत नाही.

सोलापूर शहर
सक्तीची निवृत्ती हा शब्द सेवापुस्तकाच्या शेवटच्या पानावर यावा, हेच मला सहन होत नाही. पैशाच्या हिशेबात तुम्ही बरोबर आहात, पण या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

सांगोला
सर, मग पास होऊनच तो शब्द टाळू या. पेपर एक (पहिली ते पाचवीच्या शिक्षकांचा) 150 गुणांचा, वेळ 150 मिनिटं. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास प्रत्येकी 30. उणे गुण नाहीत. खुल्या गटाला 90 लागतात, राखीवला 55 टक्के. गणित आणि परिसर आपण रोज शिकवतोच. अडतं ते बालमानसशास्त्रात आणि दुसऱ्या भाषेच्या उताऱ्यात. त्या 60 गुणांसाठी रोज एक तास काढा, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. आणि सेवापुस्तक बार्शीवाल्यांनी सांगितलं तसं आत्ताच दुरुस्त करून घ्या, निवृत्ती कधीही घेतली तरी ते लागणारच आहे.