नाटकातला खुनाचा खटला : कोर्टाचा अंक कुठे खोटा पडतोय?

रंगपट
दोन अंकी नाटक लिहितोय, दुसरा अंक अख्खा सत्र न्यायालयात. खून २०२१ चा, साक्षी २०२३ मध्ये. सध्या संहितेत न्यायाधीश हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो, मृताच्या भावाचा खासगी वकील जोरदार भाषण ठोकतो. मग दार उघडून अचानक साक्षीदार येतो आणि आरोपी कबुली देतो. वकील मंडळी प्रेक्षकांत असली तर हसू नयेत, एवढंच हवंय. काय ठेवू, काय काढू?

काळा_कोट
हातोडा काढा, आपल्या कोर्टात तो नसतो. गीताही काढा. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक कथन करतो, पुस्तक लागत नाही. पट्टेवाल्याचा पुकारा मात्र खुशाल ठेवा.

सत्र खटला सरकारी वकीलच चालवतात. भावाचा वकील त्यांना मदत करेल आणि फार तर पुरावा संपल्यावर, कोर्टाच्या परवानगीने, लेखी युक्तिवाद देईल. भाषण गेलंच.

कलमं जुनीच लावा, म्हणजे खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२. दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि साक्ष अधिनियम यांच्या जागी आलेले नवे तिन्ही कायदे १ जुलै २०२४ पासूनचे.

निशाणी_क्रमांक
हातोड्यापेक्षा मोठी चूक वेगळीच आहे : नाटक-सिनेमात साक्ष कोणी लिहूनच घेत नाही. खऱ्या कोर्टात साक्षीदार बोलतो आणि न्यायाधीश त्याचं वाक्य करून टंकलेखकाला सांगतात. बहुतेकदा प्रश्न गायब होतो, उरतं ते प्रथमपुरुषी उत्तर. ‘कोर्ट’ (२०१४) या मराठी चित्रपटात हे दिसतं. रंगमंचावर असं करता येईल :

बचावाचे वकील : तुम्ही उभे होतात तिथला दिवा बंद होता ना?
साक्षीदार : बंद होता. पण चांदणं होतं, साहेब.
न्यायाधीश (टंकलेखकाला) : हे खरे आहे की, मी उभा होतो तेथील दिवा बंद होता.
सरकारी वकील (उठून) : चांदण्याचंही घ्यावं, साहेब.

आता भांडण त्या एका वाक्यासाठी, आणि साक्षीदार नुसता बघत उभा. भाषणाची गरज उरत नाही.

उलटतपासाचं हत्यार म्हणजे पोलीस जबाब. आरोपीच्या हातात कोयता होता, हे साक्षीदार कोर्टात सांगतो आणि जबाबात ते नसतं. त्याचं ठरलेलं उत्तर : ‘मी पोलिसांना सांगितले होते. जबाबात का लिहिले नाही, याचे कारण सांगू शकत नाही.’ ही त्रुटी पुढे तपास अधिकाऱ्याच्या तोंडून सिद्ध करून घ्यावी लागते. वकील तिथे विसरला तर आधीची मेहनत पाण्यात. शेवटी बचावाची बाजू साक्षीदारापुढे ठेवतात आणि तो नाकारतो : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ ऐकायला पोकळ, पण विचारलंच नाही तर त्या मुद्द्यावर साक्षीला आव्हान नव्हतं, असा अर्थ निघू शकतो.

रंगपट
हे तर सोनं आहे. पण मग दार उघडून येणारा साक्षीदार आणि कबुली, दोन्ही गेलं का?

काळा_कोट
साक्षीदार वाचेल. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३११ खाली कोर्ट कोणत्याही टप्प्यावर कुणालाही बोलावू शकतं. मात्र आधी अर्ज येतो, समोरचा पक्ष हरकत घेतो, आदेश होतो, आणि आलेल्याचा उलटतपास घ्यायची संधी द्यावीच लागते. दाराऐवजी अर्जावर प्रसंग बांधा.

कबुली अवघड. पोलिसांपुढची पुराव्यात चालत नाही (साक्ष अधिनियम, कलम २५). पुरावा संपल्यावर प्रक्रिया संहितेच्या ३१३ खाली न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. शपथ नसते, उलटतपास नसतो, आणि निव्वळ त्या उत्तरांवर शिक्षा होत नाही. त्यापेक्षा पंच (जप्तीच्या वेळी पोलिसांनी साक्षीला घेतलेला माणूस) फितूर करा. आरोपीने दाखवलेला कोयता पंचासमोर जप्त झाला, आणि पंच म्हणतो, ‘सही माझी आहे, पण कोऱ्या कागदावर घेतली.’ सरकारी वकील परवानगी घेऊन स्वतःच्याच साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारतात. फितूर झाला म्हणून सगळी साक्ष बाद होत नाही, विश्वसनीय भाग कोर्ट वापरू शकतं.

निशाणी_क्रमांक
एक राहिलं. ‘दोषी’ म्हणताच त्याच दमात फाशी नको. शिक्षेवर आरोपीला वेगळं ऐकावं लागतं, आणि सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. तो ‘शिक्षेबाबत काही सांगायचंय का?’ वाला प्रश्न पडदा पडायच्या आधी येऊ द्या.