ऑन-कॉल आठवड्याचे पैसे मिळतात का? (अमेरिका, फेडरल नोकरी)

झोपमोड्या:
इथे कोणी अमेरिकेत फेडरल नोकरीत आहे का? मी आयटीत, जीएस-११ (पगाराची श्रेणी), सर्व्हर बघतो. आमच्याकडे आळीपाळीने ऑन-कॉल असतं, पूर्ण आठवडा ऑफिसचा फोन खिशात, वाजला की अर्ध्या तासात लॉगिन, गरज पडली तर तासाभरात ऑफिसात हजर. म्हणजे लांब कुठे जायचं नाही, बिअर घ्यायची नाही, मुलीच्या पोहण्याच्या स्पर्धेला गेलं तरी लॅपटॉप मांडीवर. सुपरवायझर म्हणतो नुसत्या ऑन-कॉलचे पैसे नसतात. आणि शेजारच्या टीममधला सांगतो त्याच्या बायकोला मिळतात, ती पण सरकारीच, व्हेटरन्सच्या हॉस्पिटलात नर्स आहे. मग हे साहेबाच्या मर्जीवर आहे का काय? स्टँडबाय म्हणून पण काहीतरी असतं म्हणे.

कलमबहाद्दर:
मर्जीवर नाही, पण साहेब बहुतेक बरोबर बोलतोय. आधी तुमचा एसएफ-५० (नेमणुकीच्या नोंदीचा सरकारी फॉर्म) काढा आणि एफएलएसए (ओव्हरटाइमचा कायदा) कॅटेगरीच्या रकान्यात ई आहे का एन ते बघा. ई म्हणजे एग्झेम्प्ट, त्या कायद्यातून वगळलेला, एन म्हणजे नॉन-एग्झेम्प्ट, तो कायदा लागू असलेला. एन असाल तर ५ सीएफआर ५५१.४३१ हा फेडरल नियम लागतो, त्यात स्टँडबाय आणि ऑन-कॉल दोन्ही वेगळे केलेत. स्टँडबाय म्हणजे ऑफिशियल ऑर्डरने ठरलेल्या जागी थांबायचं, कामाला तयार राहायचं, आणि बंधनं इतकी की तो वेळ स्वतःच्या कामाला नीट वापरताच येत नाही. ते कामाचे तास, पैसे मिळतात. पण फोन जवळ ठेवायला सांगितलंय, किंवा बोलावल्यावर वाजवी वेळात पोचता येईल एवढ्या अंतरात राहा म्हटलंय, तर ते ऑन-कॉल, त्याचा छदाम नाही. तुमची मुलीची स्पर्धा इथे तुमच्याच विरोधात जाते बघा, तिथे जाता येतंय म्हणजे जागेला बांधलेले नाही.

उंबरठा_झिजवणारी:
नर्सचं मी सांगते, माझी नणंद तेच करते. त्यांना वेगळा कायदा आहे, टायटल ३८. अधिकृत शेड्यूलवर ऑन-कॉल लावलं तर प्रत्येक तासाला ओव्हरटाइम रेटच्या १० टक्के, आणि प्रत्यक्ष बोलावलं तर तेवढा वेळ त्यातून वगळून त्याचा ओव्हरटाइम वेगळा. तुम्ही टायटल ५ वाले, म्हणजे सर्वसाधारण फेडरल नोकरांच्या कायद्यातले, तुम्हाला त्यातलं काही नाही. अन्याय आहे, पण काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) केलेला, तुमच्या साहेबाने नाही :)

झोपमोड्या:
बघितलं, एन आहे. मग परवा रात्री पावणेतीनला फोन वाजला, व्हीपीएन दोनदा तुटलं, शेवटी एक सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि झोप उडाली ती उडालीच, याचं पण काही नाही??

कलमबहाद्दर:
त्याचं आहे ना! वाट बघणं फुकट, काम फुकट नाही. फोन उचलल्यापासून लॅपटॉप मिटेपर्यंतचा वेळ कामाचा, व्हीपीएन तुटलं ते पण त्यातच. असा अधूनमधूनचा ओव्हरटाइम जास्तीत जास्त पाव तासाच्या टप्प्यात मोजतात, त्याहून मोठा टप्पा लावता येत नाही. आणि रात्री ऑफिसात परत बोलावलं तर १० मिनिटांत काम उरकलं तरी किमान २ तास धरावे लागतात. घरून लॉगिन केलं तर मात्र हे २ तास गृहीत धरू नका, कामाच्या जागी परत यावं लागणं ही त्यातली मेख आहे. अजून एक, एन असाल तर पैशांऐवजी कॉम्प टाइम (बदली सुट्टी) तुमच्या गळ्यात मारता येत नाही, तुम्ही स्वतः मागितलात तरच.

तिकडचा_मी:
युरोपात थोडं वेगळं आहे. २०१८ ची मात्झाक केस वाचा, बेल्जियमचा स्वयंसेवक फायरमन, घरीच असायचा पण बोलावल्यावर ८ मिनिटांत स्टेशनवर पोचायची अट. युरोपियन कोर्ट म्हणालं हा कामाचाच वेळ. पण पैसे किती द्यायचे ते युरोपियन कायदा ठरवत नाही, ते ज्या त्या देशावर. तुमच्या तासाभराला ८ मिनिटांची सर येणार नाही, तरी माहितीसाठी.

रिटायर्ड_हेडक्लार्क:
तुमचं वाचून गंमत वाटली. आमच्याकडे भारतात फंडामेंटल रूल ११, वेगळी तरतूद नसेल तर सरकारी नोकराचा पूर्ण वेळ पगार देणाऱ्या सरकारच्या स्वाधीन. आम्हाला कोणी ऑन-कॉल म्हटलंच नाही, शिपाई सायकलवरून निरोप घेऊन घरी यायचा आणि आम्ही शर्ट चढवायचो.

उंबरठा_झिजवणारी:
काका, अवांतर! 😀 झोपमोड्या, तुम्ही आता दोन गोष्टी करा. ऑन-कॉलच्या अटी ईमेलवर मागून घ्या, किती वेळात लॉगिन, किती वेळात हजर, आपापसात आठवडा बदलून चालतो का. बदली माणूस देता येत असेल तर ते ऑन-कॉलच धरतात, तिथे स्टँडबायचा वाद घालू नका. पण उद्या कोणी म्हणालं की घराबाहेर पडायचंच नाही तर मामला फिरतो, तेव्हा तो ईमेल हाताशी हवा. दुसरं, रात्रीचे सगळे कॉल वेळेसकट लिहून टाइमशीटमध्ये टाका, मागचे राहिलेले पण. मागची मुदत साधारण २ वर्षं, मुद्दाम बुडवलेत हे दाखवता आलं तर ३. युनियनमध्ये असाल तर आधी कॉन्ट्रॅक्ट उघडा, बऱ्याचदा क्लेम ग्रीव्हन्सनेच (कॉन्ट्रॅक्टमधल्या तक्रारीच्या पद्धतीने) लावावा लागतो, थेट ओपीएमकडे (फेडरल नोकरांचं कार्मिक खातं) गेलात तर परत पाठवतात.

झोपमोड्या:
ओके, सोमवारी ईमेल टाकतो. जुने कॉल तिकीट सिस्टीममध्ये वेळेसकट आहेत, तिथून काढता येतील.