जन्मतः २.३ किलोची लेक, आता ४ वर्षांची. डॉक्टर म्हणतात वजन वाढवायच्या मागे लागू नका??

चिऊची_आई: लेक जन्मली तेव्हा २.३ किलो होती, आता ४ पूर्ण. उंची छान वाढतेय पण येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणतो किती बारीक गं, खात नाही का काही. साबा (सासूबाई) मायेनेच करतात सगळं, दुधात दोन चमचे साखर, वर बिस्किटं, जेवली तरी मागे फिरून अजून चार घास, आता पोट जरा सुटल्यासारखं दिसतंय. डॉक्टर म्हणाले गुटगुटीत करायला जाऊ नका, पुढे डायबेटीसचा धोका. सासरे आणि दीर दोघांना शुगर आहे म्हणून जास्तच टेन्शन आलंय. बारीक मुलीला डायबेटीस कसा काय?

मुळामुठा: डॉक्टर बरोबर सांगतायत. यावर पुण्यातच मोठं काम झालंय, केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर बायकांपासून सुरुवात करून त्यांची मुलं मोठी होईपर्यंत तपासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण फरक पडला होता तो स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत, पाठीवरची चरबी त्यामानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला काडी पण चरबीचं प्रमाण जास्त. पोटात असताना कमी मिळालं की शरीर काटकसर करतं, आणि तशा शरीरावर नंतर साखर-तुपाचा मारा झाला की इन्सुलिन पुरं पडत नाही. पुण्यातच ८ वर्षांच्या मुलांमध्ये दिसलं की जन्मतः कमी वजन आणि आता अंगावर चरबी जास्त, अशांचे रिपोर्ट सगळ्यात वाईट.

ओपीडीतली_ताई: दिल्लीतही १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचं असंच निघालं. मोठेपणी ज्यांची शुगर बिघडली ती दोन वर्षांपर्यंत बारीक होती आणि मग १२ वर्षांपर्यंत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) चढत गेला, तेव्हा लठ्ठ कुणीच नव्हतं बरं का! म्हणून नुसतं वजन बघू नका, डॉक्टरांच्या वाढीच्या कार्डावर उंची आणि वजन दोन्ही रेषा बघा. उंचीची आहे तिथेच आणि वजनाची वर पळतेय असं असेल तर आत्ताच हात आखडा.

कोथिंबीर_वडी: पण प्लीज याचा अर्थ मुलीला कमी जेवू घालणे असा कुणी काढू नका, मला हीच भीती वाटते. साखर-बिस्किटं काढा, त्याजागी अंडं, उसळ, दही, पालेभाजी, फळ द्या, आणि पोट भरलं म्हणाली की ताट उचला, तिची भूक तिला कळते. संध्याकाळी खाली खेळायला सोडाच. आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी तुमचं व्हिटॅमिन बी१२ तपासून घ्या, पुण्याजवळच्या त्या सहा गावांतल्या बऱ्याच बायकांना ते कमी होतं, आणि ज्या पालेभाज्या-फळं जास्त खायच्या त्यांची बाळं चांगल्या वजनाची झाली.

चिऊची_आई: कार्ड काढून बघितलं, उंची तीच रेष धरून आहे, वजन वर गेलंय. बिस्किटं आजपासून बंद. पुढच्या व्हिजिटला साबांनाच सोबत नेते, माझ्यापेक्षा डॉक्टरांचं ऐकतील.