पाईपमध्ये ब्राउन ट्विस्ट तंबाखू विझते का? आधी सुरी आणि वाळवण बघा

भाऊ, ‘ब्राउन ट्विस्ट सतत विझते, पाईपमध्ये पाणी गुळगुळतं, म्हणजे मालच खराब’ हे तुमचं म्हणणं पटलं नाही. ती बनवणारी गाविथ हॉगार्थ ही इंग्लंडातल्या केंडलची १७९२ पासूनची पेढी. त्यांची तंबाखू मुळातच ओलसर येते.

ट्विस्ट म्हणजे दोरीसारखी वळलेली तंबाखू. धारदार सुरीने जेमतेम १ मिलिमीटरच्या चकत्या पाडा. जाड चकती वरून करपते, आतून पेटत नाही. मग चकत्या बोटांनी चोळून सुट्या करा आणि कागदावर सावलीत पसरा. थंड मुलखात याला तासभर लागतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात १०-१५ मिनिटांनीच हात लावून बघा. चिमटीत दाबून सोडली की गोळा आपोआप सुटला पाहिजे, पण कुरकुरली तर जास्त वाळली. उन्हात अजिबात नको, वास उडतो.

पाईप खाली सैल, वर जरा घट्ट भरा. पहिल्या काडीने तंबाखू फुगून वर येते. ती दट्ट्याने (तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीने) हलकेच बसवा, मग दुसरी काडी. महागडा दट्ट्या कशाला? चपट्या तोंडाचा कोणताही चालतो. पैसे पाईप क्लीनरवर (नळी साफ करायच्या केसाळ तारेवर) घाला, गुळगुळ लागली की लगेच एक आत सरकवा. गरम पाईपची नळी मात्र उपसू नका, सांधा सैल होतो किंवा तडकतो.

उरलेली रबरी कडीच्या काचेच्या बरणीत ठेवा. ओलाव्यासाठी सफरचंदाची फोड टाकणं चूक, बुरशी धरते.

आणि निकोटीन जबर आहे, उपाशीपोटी घेतली की गरगरतं.