मदत हवी आहे: हापिसातल्या बायकांच्या जागी मशीन येतं, तो जुना स्वीडिश सिनेमा कोणता?

लोकहो, एक सिनेमा शोधून शोधून थकलोय. बाबांनी (आता वय ८१) ७७-७८ च्या सुमारास पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला बघितलेला, स्वीडिश, ब्लॅक अँड व्हाइट, खाली इंग्रजी सबटायटल्स. नाव आठवत नाही, डिरेक्टर आठवत नाही, पण एक सीन असा सांगतात की जणू काल बघितलाय.

विमा कंपनीचं ऑफिस. लांबलचक हॉल, ओळीने बायका, प्रत्येकीपुढे आकडेमोडीचं मशीन. मग एक दिवस मोठमोठी खोकी येतात, मशीनला आकडे वाचता यावेत म्हणून कार्डांना भोकं पाडायच्या कामाला दोन तरुण पोरी ठेवतात आणि बाकीच्यांना सांगतात, बघू कुठे जागा निघते का. त्यातली एक वयस्क बाई शनिवारी एकटी मागे थांबते आणि नव्या मशीनने काढलेली अख्खी बेरीज आपल्या जुन्या मशीनवर परत करते, कुठेतरी चूक सापडेल म्हणून. सापडत नाही. मशीनवर कव्हर घालते, खाली उतरते, बस पकडते.

बाबांच्या डोक्यात हा सीन का बसला तर त्या बाईचं मशीन फॅसिट या स्वीडिश कंपनीचं आणि बाबांच्या टेबलावरही तेच! कारखान्याच्या अकाउंट्समध्ये होते, हँडल पुढे फिरवलं की बेरीज, उलटं फिरवलं की वजाबाकी, भागाकारात एक फेरा जास्त झाला की टिंग, मग एक फेरा मागे. पुढे त्यांच्या खात्यात पण कॉम्प्युटर आला आणि बाबांना स्टोअर्समध्ये टाकलं, तो विषय घरात काढायचा नाही.

कोणाला काही सुचतंय का? सिनेमा नाही मिळाला तरी चालेल, निदान नाव.

प्रतिसाद १:
भारी धागा. स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटचा ऑनलाइन डेटाबेस फुकट आहे, बऱ्याच जुन्या सिनेमांची कथा सविस्तर दिलेली असते, पण स्वीडिशमधून शोधावं लागेल. भोकं पाडलेल्या कार्डाला ते होलकोर्ट म्हणतात, स्पेलिंग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आणि एक विचारा, बस रस्त्याच्या कुठल्या बाजूने जाते? स्वीडनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक होती, ३ सप्टेंबर १९६७ ला एका दिवसात उजवीकडे केली.

प्रतिसाद २:
टीव्हीवरचं नाटक पण असू शकतं हं, ते सिनेमाच्या यादीत सापडणार नाही. बाकी गंमत म्हणजे ज्या फॅसिटच्या मशीनवर ती बाई बेरीज करते त्या फॅसिटचंच पुढे दिवाळं वाजायची वेळ आली, ७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आले आणि हँडलवाली मशीनं कोणी घेईना. आणि त्यांनी स्वतः १९५७ लाच कॉम्प्युटर पण बनवलेला, बेस्क नावाच्या सरकारी कॉम्प्युटरवर बेतलेला. बेस्क १९५३ चा. म्हणजे बस डावीकडून जात असेल तर ५३ ते ६७ मध्ये शोधा.

धागाकर्ता:
दोघांचे आभार! पण ५३ कशावरून? भोकाची कार्डं कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून होती ना, त्यामुळे सिनेमा आणखी जुना असू शकतो, तेवढी बाजू उघडी ठेवतो. बसचं बाबांना विचारलं. लगेच म्हणाले डावीकडून, म्हणून तर मला आपलं लालबाग वाटलं. मी खूश. मग चहा संपेपर्यंत गप्प बसले आणि म्हणाले, पण ती बस आपल्याला सरळ दिसत नाही रे, दुकानाच्या काचेत दिसते.

आता बोला.