घर ठरवण्याआधी मुलांसाठी परिसर सुरक्षित आहे हे कशावरून ओळखावे? (मदत हवी आहे)

मोरपंखी

नमस्कार. आम्हाला घर बदलायचे असून दोन घरे पसंतीच्या शेवटच्या टप्प्यावर आली आहेत. दोन्ही घरे आतून आवडली आहेत, त्यामुळे खोल्या, उजेड किंवा पाणी यांविषयी प्रश्न नाही. अडले आहे ते परिसरापाशी. एक घर भिंतीने वेढलेल्या, पहारेकरी असलेल्या संकुलात आहे आणि दुसरे जुन्या, गजबजलेल्या वस्तीत. यांपैकी कोणत्या ठिकाणी मुले सुरक्षितपणे वाढतील, हे नेमके कशावरून ओळखायचे? आमच्या घरात यावर दोन मते आहेत. बाहेर ज्यांना विचारावे ते 'परिसर चांगला आहे' एवढेच सांगतात, पण चांगला म्हणजे काय हे कोणीच सांगत नाही. या आठवड्याच्या अखेरीस दोन्हीकडे उत्तर कळवायचे आहे. म्हणून 'मन सांगेल ते करा' असा सल्ला कृपया देऊ नये. स्वतः जाऊन पडताळता येतील अशा गोष्टी हव्या आहेत.

उंबरठा

प्रश्न योग्य आहे, परंतु उत्तर ज्यावर अवलंबून आहे तेच आपण लिहिलेले नाही. मुलांची वये काय आहेत? शाळा किती दूर आहे आणि मध्ये कोणते रस्ते ओलांडावे लागतात? दुपारी घरी मोठे माणूस असते का? घर विकत घेणार आहात की भाड्याने? नुकत्याच धावू लागलेल्या मुलाला धोका असतो तो उघड्या पाण्याचा आणि फाटकाबाहेरच्या वाहनांचा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र एकट्याने जाता येईल असा रस्ता आणि जिथे जायचे ती जागा, दोन्ही लागतात. एकाला उत्तम असलेला परिसर दुसऱ्याला अपुरा पडू शकतो.

आकडेमोड

वये कोणतीही असोत, सुरुवात गुन्ह्यांच्या नोंदींपासूनच करावी असे माझे ठाम मत आहे. पोलिसांकडील माहिती जिथे जाहीर होते तिथे ती पाहावी, नाहीतर ठाण्यात जाऊन विचारावे. मात्र आकडे वाचताना दोन चुका टाळाव्यात. पहिली, निव्वळ संख्या पाहू नये, कारण बाजारपेठेत दिवसभर बाहेरून हजारो माणसे येतात आणि तिथल्या चोऱ्यांची संख्या त्या मानाने थोड्या असलेल्या रहिवाशांच्या नावावर जमा होते. दुसरी, गुन्ह्याचा प्रकार आणि वेळ सोडून देऊ नये. मध्यरात्री वाहनांची चोरी होणे आणि संध्याकाळी रस्त्यावर मारामारी होणे यांचा मुलांच्या आयुष्याशी असलेला संबंध अगदी वेगळा आहे. हे तपासल्याशिवाय बाकी सगळे अंदाजच ठरतील.

पाणंद

आकडेमोड यांच्याशी मी असहमत आहे, आणि मुद्दा मुलांच्या जिवाचा असल्यामुळे स्पष्टच लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ५ ते २९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे जगातील पहिले कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. तरीही घर पाहायला जाणारा माणूस चोरांविषयी चौकशी करतो आणि फाटकासमोरून वाहने कोणत्या वेगाने जातात हे पाहतही नाही.

वेगाचा हिशेब कोणालाही करता येतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या गाडीचा चालक भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी सुमारे ८ मीटर पुढे गेलेली असते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी त्याच एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली, तिथे दुसरी अजून पूर्ण वेगात असते. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळजवळ पावणेतीनपट होते. फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी असे म्हटले गेले, त्यामागे हेच कारण आहे. मोरपंखीताई, शाळेच्या वाटेवर चालताना पदपथ सलग आहे का, तो उभ्या केलेल्या वाहनांनी अडवला आहे का आणि वळणावर चालकाला मूल दिसेल का, एवढे आधी पाहा.

जागता_पहारा

भिंत आणि पहारेकरी असतील तर त्यात भर म्हणून घराच्या दारावर आणि जिन्यात कॅमेरे बसवून घ्यावेत. कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीपेक्षा थोडा वर, उजेडाकडे तोंड येणार नाही असा लावावा आणि चित्रण घराबाहेरही साठवले जाईल अशी सोय करावी. मुलांच्या मनगटावर ठावठिकाणा दाखवणारे घड्याळ असले की पालक निश्चिंत होतात. आमच्याकडे दोन्ही आहे.

उंबरठा

जागता_पहारा, आपला सल्ला घर ठरल्यानंतरचा आहे. दोन घरांपैकी कोणते निवडावे यात त्याची मदत होत नाही, कारण कॅमेरे दोन्हीकडे बसवता येतील. घड्याळ मूल कुठे आहे हे सांगेल, पण तिथे त्याच्याकडे लक्ष देणारे कोणी आहे का हे सांगणार नाही. धागाकर्तीने आधी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, ही विनंती.

मोरपंखी

विकत की भाड्याने याचा परिसराच्या सुरक्षिततेशी काय संबंध आहे हे मला कळले नाही, परंतु विचारलेच आहे तर सांगते की घर विकत घ्यायचे आहे. मुलगा चार वर्षांचा आहे आणि मुलगी अकरा वर्षांची. दुपारी माझे सासरे घरी असतात, पण त्यांना गुडघेदुखीमुळे फार चालवत नाही. संकुलातून शाळेत जायचे तर चौपदरी हमरस्ता ओलांडावा लागतो, म्हणून ने-आण वाहनानेच करावी लागेल. जुन्या वस्तीतून शाळा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे रस्ते अरुंद आहेत, आवाज खूप आहे आणि इमारती जुन्या आहेत. पतींना संकुल सुरक्षित वाटते, कारण अनोळखी माणूस आत येऊ शकत नाही. मला ते रिकामे वाटते. दुपारी गेलो तेव्हा बागेत सुंदर खेळणी होती, पण एकही मूल नव्हते. हे नुसते वाटणे आहे की त्याला काही आधार आहे, हे समजून घ्यायचे आहे.

उंबरठा

संबंध असा आहे की भाड्याचे घर चुकले तर सोडता येते. विकत घेतलेल्या घराचा परिसर मुले मोठी होईपर्यंत बरोबर राहतो. म्हणून शक्य असल्यास आधी त्या भागात काही महिने भाड्याने राहून पाहावे असे मी सुचवणार होतो. आठवड्याची मुदत पाहता ते जमणार नाही. असो.

चांदणवेल

ताई, आपल्या वाटण्याला भक्कम आधार आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली शिकागोमधील ३४३ वस्त्यांचा आणि ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना साधे प्रश्न विचारले होते: मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर शेजारी काही बोलतील का, घरासमोर मारामारी सुरू झाली तर कोणी मध्ये पडेल का, इथल्या माणसांवर विश्वास ठेवता येतो का. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि मुलांच्या बाबतीत मध्ये पडण्याची तयारी होती, तिथे हिंसा कमी आढळली, आणि रहिवाशांची आर्थिक व सामाजिक परिस्थिती हिशेबात धरूनही हा संबंध टिकला.

हेच प्रश्न आपण दोन्ही ठिकाणी विचारू शकता. मात्र 'परिसर सुरक्षित आहे का?' असे कधीही विचारू नये, कारण आपण राहतो त्या जागेला वाईट म्हणायला कोणी धजत नाही. त्याऐवजी, 'तुमची मुले संध्याकाळी कुठे असतात?', 'कोणत्या वयापासून एकटी जातात?', 'मुलगी पडली आणि तुम्ही घरी नसलात, तर ती कोणाचे दार वाजवेल?' असे विचारावे. शेवटच्या प्रश्नावर लोक लगेच दोन-तीन दारे सांगतात की विचारात पडतात, यावरून बरेच काही कळते. रिकामी बाग ही माझ्या मते लक्षात घेण्याजोगी खूण आहे, पण दुपारचे ऊन किंवा शाळेची वेळ हेही तिचे कारण असू शकते. संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहा.

आकडेमोड

शेजारी ओळखीचे असणे चांगलेच, पण त्याने अनोळखी माणसाचा धोका नाहीसा होत नाही. पहारा असलेल्या जागेला इतके कमी लेखू नये.

चांदणवेल

कमी लेखत नाही. परंतु मुलांवरील अत्याचार बहुतांश वेळा ओळखीच्या माणसाकडूनच होतात, आणि भिंतीच्या आत असलेला माणूस भिंतीने अडत नाही. तिथे उपयोगी पडते ते मुलांना नकार देता येणे, घरी मोकळेपणी सांगता येणे आणि त्यांच्याकडे लक्ष असलेली एकाहून अधिक मोठी माणसे असणे. अनेकांची नजर असलेली जागा यासाठी बंद जागेपेक्षा मला अधिक भरवशाची वाटते.

पाणंद

वाहतूक आणि शेजार हे दोन वेगळे मुद्दे नाहीत, हेही नोंदवतो. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमधील तीन सारख्या रस्त्यांची तुलना केली, ज्यांच्यात मुख्य फरक वाहनांच्या संख्येचा होता. दिवसाला सुमारे २,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावर रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सुमारे १६,००० वाहने जाणाऱ्या रस्त्यावर ही सरासरी एकाहूनही किंचित कमी होती. म्हणून अरुंद रस्त्याला मी दोष मानत नाही. त्यात वाहने हळू जात असतील तर तोच त्याचा गुण आहे. फक्त मोठ्या रस्त्यावरची गर्दी टाळणारी वाहने तो जवळची वाट म्हणून वापरत नाहीत ना, हे कार्यालये सुटण्याच्या वेळी पाहावे.

ओलीमाती

जुन्या वस्तीचे एवढे कौतुक होत असताना हवेविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हवेतील अतिसूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात. मोठ्या रस्त्यालगतचे प्रदूषण रस्त्यापासून काही शे मीटर दूर गेल्यावर बरेच उतरते, त्यामुळे घरापासून हमरस्ता किती दूर आहे हे नकाशावर मोजावे. या कसोटीवर कदाचित संकुलच मागे पडेल.

जुन्या इमारतीत दुसरा धोका असतो तो शिशाचा. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि पोपडे निघालेल्या रंगाची धूळ चार वर्षांच्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शरीरातील शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही आणि मुलांच्या मेंदूवरील त्याचा परिणाम भरून येत नाही. रंग तपासून घ्यावा. शिसे निघाले तर मुले घरात नसताना, कोरडे न घासता तो रंग काढण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे. याशिवाय दोन्ही ठिकाणी उघड्या टाक्या, बांधकामाचे खड्डे आणि तळी शोधावीत. पाण्यात बुडून मृत्यू होण्याचे प्रमाण १ ते ४ वर्षांच्या मुलांत सर्वाधिक असते, आणि बुडणारे मूल बहुधा आवाज करत नाही.

पानगळ

मुलगी अकरा वर्षांची आहे हे वाचून एक वेगळी बाजू मांडतो. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतील गरीब कुटुंबांना सोडत काढून, गरिबीचे प्रमाण कमी असलेल्या वस्तीत राहायला जाण्यासाठी साहाय्य देण्यात आले. राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये दाखवले की १३ वर्षांच्या आत जी मुले हलली, त्यांचे पुढे ऐन विशीतील उत्पन्न सुमारे ३१ टक्के अधिक होते. १३ नंतर हललेल्यांना मात्र तसा लाभ झाला नाही, उलट थोडा तोटाच दिसला, आणि ओळखीची माणसे व शाळा तुटणे हे त्याचे एक कारण असावे असे मानले गेले. ती कुटुंबे फार हलाखीच्या वस्त्यांतून निघाली होती, त्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही मुलीच्या मैत्रिणी कुठे राहतात आणि ती त्यांच्याकडे स्वतः जाऊ शकेल का, हे तिलाच विचारा. या संपूर्ण धाग्यात तिचे मत कोणी विचारलेले नाही.

मोरपंखी

सर्वांचे मनापासून आभार. संध्याकाळी आणि अंधार पडल्यावर आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. संकुलाच्या बागेत संध्याकाळी मुले होती, पण प्रत्येकाबरोबर कोणीतरी आलेले होते आणि एकटे खेळणारे मूल दिसले नाही. दाराविषयीच्या प्रश्नावर तिथे आम्ही विचारलेल्या दोन्ही मातांनी पहारेकऱ्याचे नाव घेतले. जुन्या वस्तीत त्याच प्रश्नावर एका आजींनी समोरची घरे दाखवली आणि कोण किती वाजता घरी येते हेसुद्धा सांगितले. मुलीच्या दोन मैत्रिणी त्याच भागात राहतात, हे तिनेच सांगितले. रात्री रस्त्यावर पुरेसा उजेड होता. जिन्यात मात्र रंगाचे पोपडे निघालेले आहेत आणि शाळेच्या वाटेवर एक चौक असा आहे की तिथे उभ्या गाड्यांमुळे पलीकडचे काही दिसत नाही.

रंगाची तपासणी करून घेण्याची अट आम्ही घरमालकांना कळवली आहे, आणि ती मान्य झाली तर जुन्या वस्तीतलेच घर घेणार आहोत. पतींचा आक्षेप आता त्या एका चौकापुरता उरला आहे. मुलीला तिथून एकटी पाठवण्यापूर्वी काय करावे?

पाणंद

पहिल्यांदा वाट बदलून पाहा. थोडा वळसा पडला तरी, जिथे चालकाला मूल दुरून दिसते तिथूनच ओलांडावे. वळसा शक्य नसेल तर सुरुवातीला तिच्याबरोबर चाला, पण हात धरून नव्हे. तिला पुढे ठेवा आणि कधी ओलांडायचे ते तिला ठरवू द्या, तुम्ही फक्त चूक होत असेल तिथे थांबवा. मोठ्या माणसाच्या भरवशावर चालणारे मूल रस्त्याकडे पाहत नाही. उभ्या गाडीच्या बाहेरच्या कडेपर्यंत येऊन थांबायचे, तिथून पुन्हा दोन्हीकडे पाहायचे आणि येणाऱ्या गाडीचा वेग जोखण्याचा प्रयत्न न करता ती निघून जाऊ द्यायची, हे अंगवळणी पडले पाहिजे, कारण या वयातही वेगाचा अंदाज चुकतो. त्याच वेळी चौकापासून काही मीटरपर्यंत गाड्या उभ्या करण्यास मनाई करावी, असा अर्ज स्थानिक प्रशासनाकडे द्या. त्यावर शाळेतील इतर पालकांच्या सह्या घ्या आणि गाड्या उभ्या असतानाचे, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले छायाचित्र जोडा.

ओलीमाती

त्या चौकातून चार वर्षांच्या मुलाला बहिणीच्या भरवशावर पाठवू नये, एवढे जोडते. त्याची जबाबदारी काही वर्षे मोठ्यांनीच घ्यावी.